निळ्या गाडीवरचा खार

यंदा मोहोर उशिरा आला, पण आला तो आंब्याच्या कलमांवर पान दिसू नये असा आला. आवारात पाय ठेवला की वास घशाला लागतो. या वासाबद्दल लोक फार गोड बोलतात. बाहेरगावचे पाहुणे झाडाखाली उभे राहतात, डोळे मिटतात आणि मिटलेल्या डोळ्यांचा फोटो काढून घेतात. त्यांना कोणी सांगत नाही की डोक्यावरच्या फांदीत तुडतुडे बसले आहेत. दाण्याएवढे किडे. मोहोराचा रस पितात आणि खालून चिकट पाणी सोडतात. सकाळी झाडाखाली उभं राहिलं की ते तोंडावर बारीक शिंतडतं. पाहुणे म्हणतात, दव पडलं. आम्ही त्यांना तसंच म्हणू देतो.

आमच्याकडे त्याला खार म्हणतात. खार पडला की पानं आधी चकाकतात, मग काळी पडतात. दांडीवरचे कपडे, तुळशीचं वृंदावन, आरामखुर्चीतला म्हातारा, झाडाखाली जे असेल ते चिकट होतं. गाडी असेल तर गाडी.

त्या खारापायी माझ्या धाकट्या बहिणीचं, शालनचं, नाव आमच्या घरात इतकी वर्षं विनोद म्हणून घेतलं गेलं. तिने या घरात यायचं सोडलं. तिच्यात हसण्यासारखं काही नव्हतं, आणि हे तिच्याखेरीज मला एकट्याला माहीत होतं. आता मी पंचाहत्तरी ओलांडली आहे. आणखी गप्प राहिलो तर आमच्या दोघांच्या मागे तेवढा विनोद उरेल. म्हणून हे लिहितो आहे.

माझा मुलगा मंदार पुण्याला असतो. मोहोराच्या दिवसांत तो बायको-मुलीला घेऊन शांतता घ्यायला येतो. हातखंब्याच्या आसपास रस्त्याचं काम लागतं. ते इतकी वर्षं चाललं आहे की माझ्या नातीला, सईला, वाटत असावं, हायवे म्हणजे असाच असतो. तिथली तांबडी धूळ गाडीवर बसते. घरी उतरल्यावर मंदार आधी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालतो आणि मग मला विचारतो, ‘बाबा, कसे आहात?’

दुसऱ्या दिवशी सकाळी स्नानविधी. गाडी झाडांपासून लांब, घराच्या सावलीत, पत्रा गार झाल्यावर. डिकीतून दोन बादल्या निघतात, एक साबणाच्या पाण्याची, एक नुसत्या पाण्याची. तळाला जाळी, म्हणजे निघालेली माती खाली बसावी. साबण वेगळा, भांड्यांचा चालत नाही. मेंढीच्या लोकरीसारखा एक हातमोजा निघतो. रुमाल निरनिराळे, टपाचे, दरवाजांचे, चाकांचे. चाकाचा रुमाल टपाला लागला तर विटाळ. गावातला विटाळ गेला असं आम्ही भाषणांत ऐकत आलो; तो डिकीत जाऊन बसला होता. मग आधी नुसतं पाणी, वरून खाली. मग फेस. मग हातमोजा, सरळ रेघेत, गोल नाही, कारण गोल फिरवलं तर उन्हात गोल ओरखडे दिसतात. मग टिपून घेणं. शेवटी मेण, आणि मेणावर पाण्याचे थेंब कसे गोळा होतात ते बघत उभं राहणं.

हे सगळं बरोबर आहे. रंग जपायचा तर असाच जपावा लागतो, हे मला आता पाठ आहे. पण इतका हळुवार हात मी मंदारचा दुसऱ्या कशावर फिरताना पाहिलेला नाही, आणि हे मी त्याच्या आईचं शेवटचं आजारपण आठवून लिहितो आहे. ती महिनाभर अंथरुणाला खिळून होती. तो दोनदा आला. दोन्ही वेळा त्याला परत जायची घाई होती, कारण रात्रीचा घाट गाडीला चांगला नसतो.

मी पायरीवर बसून बघतो. मला बघायची परवानगी आहे. ‘बाबा, तुम्ही फक्त बसा,’ मंदार म्हणतो. हात लावू नका, हे तो सभ्यपणे बोलतो.

एका मोसमात मात्र मी हात लावला होता.

बायको गेल्यानंतरची ती वर्षं. शालन विधवा, मूलबाळ नाही. मंडणगडाकडे सासरच्या घरात दिरा-पुतण्यांत राहत होती. मी बोलावलं आणि ती आली. माझं जेवण, माझी औषधं, आवारातली झाडलोट, सगळं तिने न विचारता अंगावर घेतलं. त्याच सुमारास मंदारने नवी गाडी घेतली, निळी. घेतली आणि कंपनीने त्याला काही महिन्यांसाठी जर्मनीला पाठवलं, बायकोही बरोबर गेली. पुण्याच्या सोसायटीत पोरं चेंडू मारतात म्हणून गाडी इथे आणून ठेवली. ‘घरच्यासारखी काळजी बाहेर कोण घेणार?’ म्हणाला. मला फार बरं वाटलं. माणूस कशाने खूश होईल याला काही ताळतंत्र नसतं.

गाडी त्याने कलमाखाली लावली. शालन दारातून म्हणाली, ‘अरे मंदार, तिथे नको रे. मोहोर फुटलाय. खार पडेल.’

‘आत्या, सावली महत्त्वाची. ऊन रंग खातं.’

‘ऊन खाईल तेव्हा खाईल. हे तर उद्यापासून पडेल.’

‘बाबा आहेत ना बघायला,’ तो म्हणाला आणि किल्ली खिशात घालून गेला. किल्ली ठेवली तर कोणीतरी गाडी हलवेल ही भीती. म्हणजे काळजी आमची आणि किल्ली त्याची. आमच्या पिढीतल्या बापांना ही व्यवस्था चमत्कारिक वाटत नाही.

खार पडायला लागला. निळ्या टपावर आधी नुसते बारीक ठिपके. बोट लावलं तर बोट चिकटायचं. मग वाऱ्याने तांबडी माती उडाली आणि त्या ठिपक्यांवर बसली. आठवड्याभरात गाडीला गेरू लावल्यासारखं झालं. मंदारचा फोन आला तेव्हा मी सांगितलं, ‘गाडीवर खार पडलाय.’

‘समुद्राचा ना? बाबा, पाणी अजिबात मारू नका हां. मीठ विरघळून सांध्यात शिरतं, गंज धरतो. कोरड्या फडक्याने रोज पुसून काढा. जरा जोर लावून.’

‘अरे, समुद्राचा नाही, हा झाडाचा—’

‘खार म्हणजे मीठच ना, बाबा. मी मीटिंगला चाललोय.’

पाठीमागून सूनबाईचा आवाज आला. ती नागपूरची. ‘काय पडली? खार? जिवंत आहे ना?’ तिला वाटलं झाडावरून खारोटी पडली.

निदान तिला काळजी जिवाची होती. हा मात्र हापूसच्या अंगणात वाढलेला मुलगा, लहानपणी खाराने चिकट झालेल्या शर्टापायी आईच्या हातचा मार खाल्लेला, आणि त्याला खार म्हणजे मीठ वाटलं. भाषा जाते ती अशी, एकेका चिकट शब्दाने. आणि खरोखरच मीठ असतं तरी ते पाण्यानेच धुवायला हवं होतं. हे आता तोच मला शिकवतो.

पण मला माहीत होतं. जन्म कलमांखाली गेला आहे. खार कोमट पाण्याने सुटतो, आणि कोरडा घासला तर वर बसलेली माती पॉलिश पेपरसारखी काम करते, हे कळायला जर्मनी लागत नाही. तरीही मी दुसऱ्या दिवशी सकाळी कोरडा फडका घेतला. नोकरी सरकारी कचेरीत झाली. साहेबाचा चुकीचा शेरा आला की आम्ही तो चुकीचा आहे हे ओळखून, मुकाट्याने, शब्दशः अमलात आणायचो. चूक साहेबाची, आज्ञाधारकपणा आपला. निवृत्तीनंतर साहेब उरला नव्हता. मी तो मुलात शोधला.

रोज सकाळी मी ती गाडी कोरडी घासली. गोल गोल, जोर लावून. जिथे खार वाळून कडक झाला होता तिथे नारळाचा काथ्या घेतला. शालन चुलीपासून उठून दारात यायची.

‘दादा, पाणी घे रे. भांडं तरी कोणी असं कोरडं घासतं?’

‘तुला काय कळतंय त्यातलं? मंदारने सांगितलंय.’

‘मंदारला खार कळत नाही. तुला तर कळतोय ना?’

याला मी उत्तर दिलं नाही. ती सातवी शिकलेली, मी पदवीधर. उत्तर न देण्याची मला सोय होती.

मंदार परत यायच्या आदल्या दिवशी मी शेवटी बादली घेतली. गंज तर गंज म्हटलं, पण मुलाला गाडी चकचकीत दिसू दे. पाणी ओतलं. माती वाहून गेली, खार सुटला, आणि दुपारच्या उन्हात निळा रंग मोकळा झाला. त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे होते, टपभर, बॉनेटभर, एकात एक गुंतलेली वर्तुळं. काथ्या फिरवला तिथे पांढरट चट्टे. मी पायरीवर बसलो. शालन आली, वाकून बघितलं, बोट फिरवलं. म्हणाली, ‘टाचांसारखं झालंय रे.’

मी जेवलो नाही. आत जाऊन पडलो आणि झोप लागली. उठून बाहेर आलो तर गाडी नवी होती. एक ओरखडा दिसत नव्हता. शालन पदर खोचून दरवाजाचा शेवटचा कोपरा चोळत होती. शेजारी वाटी. वाटीत पातळ केलेलं कोकमतेल.

कोकमाच्या बियांचं हे तेल आमच्याकडे घराघरात असतं. गार झालं की मेणासारखं घट्ट होतं. थंडीत टाचांना भेगा पडल्या की गरम करून भरतात. शालनने गाडीच्या भेगा भरल्या होत्या.

‘भेगेत शिरलं की भेग दिसत नाही,’ ती म्हणाली.

‘किती दिवस?’

‘टाचेला रात्रभर पुरतं. गाडीचं मला काय ठाऊक?’

गाडीला दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पुरलं. मंदार आला तोवर वाऱ्याने नवी माती उडवली होती आणि ती त्या तेलात रुतून बसली होती. त्याने बोट फिरवलं, नाकाला लावलं.

‘हे काय फासलंय?’

‘कोकमतेल,’ शालन म्हणाली. लपवायचं तिच्या मनातही आलं नाही.

‘कोणी लावलं?’

‘मी.’

त्याने साबणाने गाडी धुतली. तेल निघालं आणि खालचे ओरखडे वर आले. एक पाहिलेली गोष्ट आणि दुसरी पाहिलेली गोष्ट यांना जोडून टाकायला शिक्षण लागत नाही, आणि शिक्षणाने ती सवय जातही नाही. ‘आत्याने गाडीची वाट लावली,’ तो म्हणाला. आधी रागाने. मग सूनबाईकडे बघून त्याला हसू फुटलं. ‘अगं, कोकमतेल. गाडीला. उद्या कढीपत्त्याची फोडणी देईल.’ दोघंही पोट धरून हसली. तो रागावून थांबला असता तर बरं झालं असतं. राग उतरतो. विनोद उतरत नाही, तो मुलांना वारसा म्हणून मिळतो.

हसणं ओसरल्यावर त्याने मला विचारलं, ‘बाबा, तुम्ही होतात ना इथे? तुम्ही तिला लावू कसं दिलंत?’

मी म्हणालो, ‘मी झोपलो होतो.’

हे अगदी खरं होतं. लबाडी करायला खरं वाक्य हाताशी सापडलं की माणसाला किती हलकं वाटतं, हे मी त्या क्षणी अनुभवलं. शालनने माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग वाटी उचलून आत गेली.

त्यानंतर ‘कोकमतेल आत्या’ची कीर्ती वाढत गेली. लग्नात, बारशात, दिवाळीला मंदार ती गोष्ट सांगायचा आणि दर खेपेस तिला एक नवा दागिना चढायचा. आत्या गाडीला हळद लावते. आत्या गाडीची दृष्ट काढते. पहिल्यांदा तीही हसली. एकदा लग्नाच्या पंगतीत कोणीतरी पायाच्या भेगा दाखवून म्हणालं, ‘आत्या, उरलंय का थोडं गाडीतलं?’ तेव्हा तिने ताट अर्धं ठेवलं. त्या मे महिन्यात ती ‘थोडे दिवस’ म्हणून मंडणगडला पुतण्याकडे गेली. थोडे दिवस संपले नाहीत. लग्नकार्य असलं तर परस्पर हॉलवर यायची आणि हॉलवरूनच परत जायची. मी फोन केला की विचारायची, ‘बरा आहेस ना? गोळ्या घेतोस ना?’ बाकी काही नाही. मीही बाकी काही बोललो नाही. मुलगा माझ्यावर हसला असता तर मला सोसलं नसतं, ते तिने सोसावं अशी माझी सोय होती.

गाडीच्या रंगाचा थर पोस्टकार्डाइतकाही जाड नसतो म्हणे. एवढ्याशा जाडीवर केवढा संसार उभा आहे. मेण, लेप, रुमाल, ते वापरायचं शिकवणारी माणसं, ती बघणारी माणसं. पावसाळ्यात ज्यांच्या भिंती शेवाळतात तेही गाडीला कव्हर घालतात. आणि ती निळी गाडी मंदारने थोड्याच वर्षांत विकली. घेणाऱ्याने टपाकडे बघितलंसुद्धा नाही, टायर बघितले आणि नेली. ज्या ओरखड्यांवरून माझी बहीण घराबाहेर गेली ते पत्र्यासह कुठल्यातरी तालुक्यात भाजी वाहून नेत असतील.

या वर्षी मंदारचा स्नानविधी चालला होता. सई आता कॉलेजात जाते. ती माझ्याजवळ पायरीवर बसली होती. म्हणाली, ‘आजोबा, त्या कोकमतेल आत्याचं खरं नाव काय हो?’

मी तिच्याकडे बघितलं. ती थट्टा करत नव्हती. तिला ठाऊकच नव्हतं.

‘शालन,’ मी म्हणालो. ‘आणि ओरखडे तिने पाडले नव्हते. मी पाडले.’

मंदारचा हातमोजा थांबला. मग मी सगळं सांगितलं, फोनपासून काथ्यापर्यंत. त्याच्या चेहऱ्यावर वेदना उमटत गेली. मला वाटलं, पोचलं. तो म्हणाला, ‘तांबड्या धुळीवर कोरडं कापड? आणि काथ्या? बाबा, काथ्या?’ बहिणीबद्दल अवाक्षर नाही. विकलेल्या पत्र्याबद्दल हळहळ.

‘तूच सांगितलं होतंस.’

‘मी असं सांगूच शकत नाही.’

‘खार म्हणजे मीठ, असं तू म्हणालास.’

त्याने हातमोजा बादलीत टाकला. बहुधा आठवलं. सईने विचारलं, ‘मग खार म्हणजे काय?’ मी तिला कलमाखाली नेलं, एक पान तिच्या बोटाला लावलं. चिकटलेलं बोट तिने बराच वेळ अंगठ्यावर घासलं. मग मंडणगडला फोन तिनेच लावला. ‘आत्याआजी, मी सई. आजोबांनी आम्हाला खरं सांगितलं. तू इकडे ये ना.’ पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. सई म्हणाली, ‘रविवारी येते म्हणाली. बाबा गाडी घेऊन न्यायला येतो म्हटलं, तर म्हणाली एसटी आहे.’

रविवारी शालन दुपारी पोचली. वाकली आहे, केस पूर्ण पांढरे. पडवीत माझ्यासमोर बसली, पाणी प्यायली. मंदार पुढे आला.

‘आत्या, सॉरी हां. तेव्हा उगाच.’

‘तेव्हा काय उगाच?’

‘म्हणजे... हसलो.’

‘तेव्हाच?’

त्याची मान खाली गेली. ‘नंतरही. सगळ्यांत. तुझी चूक नसताना.’

‘हां. आता पुरं झालं,’ ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. ‘आणि तू? सगळ्यांना सांगितलंस म्हणे. मला कुठे सांगितलंस?’

खरंच सांगितलं नव्हतं. तिला माहीत आहे म्हणजे तिला सांगायला नको, असं मी धरून चाललो होतो. मी पहिल्यापासून सुरुवात केली. ती जणू पहिल्यांदा ऐकत असल्यासारखी ऐकत होती. मी म्हणालो, ‘आणि तू मला वाचवायला म्हणून—’

‘तुला वाचवायला?’ तिने अडवलं. ‘तुला कशाला वाचवू मेल्या? तुझी चूक, तू भोगायची होतीस.’

‘मग तेल कशाला लावलंस?’

तिने आपल्या हातांकडे बघितलं.

‘मला ती आवडायची. कसला निळा रंग होता. तू रोज सकाळी उठून तिला खरवडायचास, ते बघवायचं नाही. वाटलं, एवढा चांगला रंग, जरा बरा करावा.’ मग सहज म्हणाली, ‘वाटायचं, एकदा कोणीतरी म्हणेल, शालन, बस गाडीत.’

गाड्यांबद्दलच्या माझ्या सगळ्या तिरस्कारात मी तिला इतकी वर्षं माझ्या बाजूला धरलं होतं. तिची बाजू मी विचारलीच नव्हती.

मंदार आत जाऊन किल्ली घेऊन आला. ‘आत्या, चल. भाट्याच्या पुलापर्यंत जाऊन येऊ. पुढे बस.’

तिने बाहेर बघितलं. धुतलेली पांढरी गाडी उन्हात उभी होती, काचा बंद, रंगावर आभाळ दिसत होतं.

‘नको रे. आता मला गाडी लागते.’

‘लागते तर चल की आत्याआजी,’ सई उठलीच. तिला वाटलं, हवी आहे म्हणते.

‘लागते म्हणजे पोटात ढवळतं गो बाय. बंद काचेत तर फारच,’ शालन म्हणाली. ‘तेव्हा लागत नव्हती.’